बेमुर्वत रखवालदार

एडवर्ड ॲबीचं ‘डेझर्ट सॉलिटेअर’ १९६८ मध्ये आलं. तेव्हापासून ते मुख्यतः जंगलात पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी वाचलं आहे. त्यांना त्यातला लाल दगड आवडतो, एकांत आवडतो, लेखकाची जीभ तेवढी खटकते. देव, देश, प्रगती, धरणं, मोटारी, गायीगुरं, शवपेट्या, कशाचीच भीडमुर्वत न ठेवणारा हा माणूस निसर्गलेखक म्हणून त्यांना हवा असतो, पण त्याची मतं वगळून. वनखात्याच्या नोकरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला हे पुस्तक वेगळं दिसतं. ॲबी अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब गावाजवळच्या आर्चेस या संरक्षित प्रदेशात १९५६ आणि १९५७ मध्ये रेंजर होता. नोकरी कायम नव्हती, पर्यटकांच्या हंगामापुरती होती. पत्र्याच्या एका ट्रेलरमध्ये राहायचं, कच्च्या रस्त्यावर गस्त घालायची, कचरा उचलायचा, शौचालयं वापरण्याजोगी ठेवायची, आल्यागेल्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, कोणी हरवलं तर शोधायला जायचं. आपल्याकडे वनरक्षक, वनमजूर आणि नाक्यावरची माणसं जे करतात तेच हे काम. ॲबीच्या फटकळपणाकडे स्वभावदोष म्हणून पाहू नये, तो या कामातून निघालेला निष्कर्ष होता, असं माझं म्हणणं आहे. जिथं त्याचं मत हातापायांनी केलेल्या कामातून आलं तिथं ते कितीही उद्धट वाटलं तरी टिकलं. जिथं ते कामातून आलं नाही तिथं तो साफ चुकला, आणि तिथं त्याला सवलत देण्याचं कारण नाही.

बेमुर्वतपणा त्याच्यात वाळवंटाआधीपासून होता, हे खरं. १९२७ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या या मुलाचा बाप समाजवादी विचारांचा, आई शाळामास्तरीण आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. सतराव्या वर्षी, १९४४ च्या उन्हाळ्यात, तो मिळेल त्या वाहनानं देशाच्या पश्चिमेकडे भटकून आला. महायुद्ध संपताना सैन्यात गेला, इटलीत लष्करी पोलिसाचं काम केलं. परतल्यावर १९४७ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध कॉलेजच्या फलकावर त्यानं चिठ्ठी लावली आणि एफबीआयनं त्याच्या नावाची फाईल उघडली. न्यू मेक्सिको विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मासिकाचा संपादक असताना राजे आणि पाद्री यांना एकदमच निकालात काढणारं फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोचं वाक्य त्यानं मुखपृष्ठावर छापलं, आणि खाली नाव घातलं मुलींसाठी सोज्वळ कादंबऱ्या लिहिणाऱ्या लुइझा मे अल्कॉटचं. अंक जप्त झाला, संपादकपद गेलं. हा बंडखोरपणा मला फारसा मोलाचा वाटत नाही. विशीतल्या हुशार मुलानं ग्रंथालयात बसून केलेलं हे बंड आहे, असं प्रत्येक पिढीत आणि प्रत्येक भाषेत होतं. त्यात मोडायचं काय ते ठरलेलं आहे, राखायचं काय ते ठरलेलं नाही. आर्चेसच्या नोकरीनं ते ठरवून दिलं. पुढच्या ॲबीत आणि या मुलात फरक पडला तो इथं. त्याच्याकडे आदर करण्यासारखं काहीतरी आलं आणि मग अनादर कुठं करायचा याला दिशा मिळाली. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी वनखात्यात हयात घालवून लिहिलं. त्यांचा सूर भक्तीचा, ॲबीचा भांडणाचा. तरी दोघांच्या शब्दांना वजन येतं ते एकाच कारणानं: जंगल त्यांचं पोट भरत होतं आणि त्यासाठी त्यांना तिथं रोज हजर राहावं लागत होतं.

रखवालीच्या कामात माणूस जंगलाकडे जितका पाहतो तितकाच जंगल बघायला आलेल्यांकडे पाहतो. कोण गाडीतून उतरतं, कोण उतरतच नाही, कोण काय टाकून जातं, कोणता प्रश्न दिवसभर पुन्हा पुन्हा विचारला जातो, याचा जो साठा नाक्यावरच्या माणसाकडे होतो तो कोणत्याही पाहणी अहवालात येत नाही. ॲबीच्या पुस्तकातलं सगळ्यात खणखणीत प्रकरण या साठ्यातून आलं आहे. कारखान्यात माल यावा आणि पुढं सरकावा तसे प्रवासी आत घ्यायचे, फिरवायचे आणि बाहेर काढायचे, ही राष्ट्रीय उद्यानांची नवी रीत त्यानं ओळखली आणि तिचं मूळ मोटारीत आहे असं सांगितलं. त्याच्या मागण्या तीन होत्या. उद्यानांत खासगी मोटारी नकोत. लोकांनी चालावं, सायकल किंवा घोडा घ्यावा, नाहीतर उद्यानाच्या बसमध्ये बसावं. नवे रस्ते नकोत. आणि रेंजरांना तिकीटघरातून उठवून पायवाटांवर लोकांसोबत पाठवावं. आर्चेसमध्ये पक्क्या रस्त्याची आखणी करणारे लोक येऊन खुंट्या ठोकून गेल्यावर त्या उपटल्याचंही त्यानं लिहून ठेवलं आहे. रस्ता अर्थातच झाला. १९७१ मध्ये आर्चेसला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०२१ मध्ये तिथं १८ लाखांहून जास्त माणसं आली, गाड्यांच्या रांगा इतक्या लांबल्या की फाटक बंद करून लोकांना परत पाठवावं लागे, आणि २०२२ मध्ये ठराविक वेळेचं आगाऊ आरक्षण सुरू करावं लागलं. त्याआधी, २००० मध्ये, त्याच राज्यातल्या झायन उद्यानानं हंगामात मुख्य दरीतल्या खासगी गाड्या थांबवून बस सुरू केल्या होत्या. अलास्कातल्या डेनालीत तर १९७२ पासूनच बस आहेत. १९६८ मध्ये ज्या सूचना माथेफिरूच्या वाटल्या त्यांतली पहिली सूचना आज सरकारी व्यवस्था म्हणून चालते.

यावर एक आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नाही. चालू शकत नाहीत त्यांचं काय? म्हातारे, अपंग, कडेवर मूल असलेल्या बाया? ॲबीनं त्यांना दिलेलं उत्तर उर्मट आहे. म्हाताऱ्यांनी तरुणपणी आपली संधी वाया घालवली, अशा थाटात तो बोलतो. हे उत्तर मला मान्य नाही. पण त्याच्या सूचनेत उत्तर आहे, कारण बस सगळ्यांना नेते. मोटार काढून टाकली की अपंग माणूस मागे पडत नाही, उलट ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही तोही आत येतो. आपल्या व्याघ्रप्रकल्पांत नोकरी केलेल्या कोणालाही हे पटावं. इथं फेरीतल्या जिप्सींच्या संख्येवर मर्यादा आहे, आरक्षण आहे, गाईड सक्तीचा आहे, तरीही वाघ दिसल्याची खबर फुटली की सगळ्या गाड्या एकाच पाणवठ्याकडे पळतात, आणि परत येणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच असतो: दिसला का? जंगल पाहिलं का, असं कोणी विचारत नाही. वाघाचं दर्शन ही विकायची वस्तू झाली की ती विकत घेऊ शकणाऱ्यांच्या सोयीनं सगळं हलू लागतं. जंगलाच्या कडेला राहणारी मुलं मोठी होतात तरी फाटकाच्या आत आलेली नसतात. ॲबी हे उदाहरण वापरू शकत नव्हता, पण त्याचा युक्तिवाद इथं तिथल्यापेक्षा जास्त लागू पडतो.

मृत्यूबद्दलची त्याची मतं लोकांना सगळ्यात जास्त टोचतात. ‘डेझर्ट सॉलिटेअर’मध्ये ग्रँडव्ह्यू पॉइंटवरच्या मृत माणसावर एक प्रकरण आहे. साठीचा एक पर्यटक बेपत्ता होतो, त्याची गाडी सापडते, शोधपथक पांगतं, आणि दरीच्या काठावर एका जुनिपरच्या झाडाखाली त्याचं प्रेत मिळतं. उन्हानं फुगलेलं प्रेत स्ट्रेचरवरून वाहून आणताना शोधपथकातली माणसं थट्टामस्करी करतात आणि ॲबी ती तशीच लिहून ठेवतो. पुढं तो म्हणतो की नळ्या लावून, डॉक्टर आणि पाद्र्याच्या देखरेखीखाली मरण्यापेक्षा असं उघड्या आभाळाखाली, दगडावर, पुढं अथांग दरी असताना मरणं भाग्याचं. आणि एक माणूस गेला की जिवंतांसाठी जागा होते, हेही तो सांगतो. हे क्रूर आहे, नातेवाइकांच्या दुःखाची त्यात कदर नाही, असं म्हटलं जातं. ज्यांच्या कामात प्रेत उचलणं येतं ते असं म्हणणार नाहीत. पंचनामा लिहिणारे, बुडालेल्याला बाहेर काढणारे, शवागारातले कर्मचारी हे सगळे आपसात बोलतात तसं बोलणं घरच्यांसमोर कधी काढत नाहीत, आणि तसं बोलल्याशिवाय ते काम दुसऱ्या दिवशी करता येत नाही. ॲबीनं एवढंच केलं की ते बोलणं छापलं. शिवाय त्या प्रकरणात तो मृताची टवाळी करत नाही. त्याचा राग आहे तो मृत्यू लपवण्यावर, त्याला घाण समजण्यावर.

तरीही इथं मी एक मर्यादा घालतो, आणि ती माझ्या कामानं शिकवली आहे. ग्रँडव्ह्यूचा तो माणूस हौसेनं गेला होता. आपल्या जंगलांत मरणारा बहुतेक वेळा हौसेनं गेलेला नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात शिरणारी बाई वाकून काम करत असते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणते लोक सांगतात. पायी गस्त घालताना वनरक्षकांनीही असा जीव गमावला आहे, त्यांत स्त्रियाही आहेत. अशा मरणापुढं उघड्या आभाळाचं भाग्य वगैरे बोलणं माझ्या तोंडून निघणार नाही. ॲबीनं त्याच पुस्तकात असंही लिहिलं की वेळ आलीच तर सापापेक्षा माणूस मारणं तो पसंत करील. अमेरिकेत हे वाक्य धीट म्हणून मिरवलं गेलं. जिथं जंगलाचा कायदा राबवणाऱ्याच्या हातात काठी असते आणि समोरचा भूमिहीन असतो तिथं ते वाक्य धोक्याचं आहे. निवड करून घेतलेल्या मृत्यूबद्दल ॲबी बरोबर होता. लादलेल्या मृत्यूबद्दल त्याच्यापाशी काही सांगण्यासारखं नव्हतं.

स्वतःच्या मृत्यूच्या बाबतीत मात्र तो शब्दाला जागला, आणि हे कमी लेखकांबद्दल म्हणता येतं. अमेरिकेत अंत्यसंस्कार हा मोठा धंदा आहे. प्रेतात रसायनं भरून ते टिकवण्याची पद्धत तिथं १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात रुजली, कारण मेलेले सैनिक दूरच्या घरी पाठवायचे होते. लिंकनचा देह तसाच टिकवून आगगाडीतून देशभर दाखवत नेला गेला आणि ती रीत प्रतिष्ठेची झाली. पुढं धातूची पेटी, सिमेंटचा गाळा, हिरवळ, असा थाट वाढत गेला. जेसिका मिटफर्डनं १९६३ मध्ये या धंद्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा देशभर खळबळ झाली. ॲबीनं लेखी सूचना ठेवल्या होत्या: अंत्यविधीवाले नकोत, रसायनं नकोत, पेटी नको, एक जुनी झोपण्याची पिशवी पुरे, देह ट्रकच्या मागच्या भागात घालून वाळवंटात न्यावा, दफनाबद्दलचे कायदे पाळू नयेत, देहाचं खत एखाद्या निवडुंगाला किंवा झुडपाला मिळावं, आणि मागाहून शेकोटी, बिअर, खाणं, गाणं आणि नाच व्हावा. १४ मार्च १९८९ रोजी, बासष्टाव्या वर्षी, ॲरिझोनात टुसॉनजवळ अन्ननलिकेतल्या रक्तस्रावानं तो गेला. मित्रांनी त्याला कॅबेझा प्रिएटाच्या वाळवंटात नेऊन पुरलं आणि जागा गुप्त ठेवली. दगडावर नाव आणि वर्षं कोरली, आणि आपल्याला काही म्हणायचं नाही अशा अर्थाचे दोन शब्द. कायद्यानं तो गुन्हा होता. पण १९९८ मध्ये साऊथ कॅरोलिनात रॅम्झी क्रीक इथं रसायनं आणि सिमेंट टाळून, जंगल राखण्यासाठीच काढलेलं दफनस्थान सुरू झालं, आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं मृतदेहाचं रीतसर खत करायला कायद्यानं परवानगी दिली. त्याचा गुन्हा तीस वर्षांत नागरिकांचा पर्याय झाला.

भारतीय वाचकाला यात विशेष काय, असं वाटू शकेल. आपल्याकडे पेटीचा थाट नाही, देह पंचमहाभूतांना द्यायचा हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. ॲबीला पुढचा जन्म गिधाडाचा हवा होता, त्यातही दोखम्यात, म्हणजे देह ठेवण्याच्या मनोऱ्यावर, मृतदेह गिधाडांना देणाऱ्या पारशी समाजाला नवं काही नाही. पण मुंबईच्या मलबार हिलवरच्या दोखम्यांचं काय झालं ते पाहावं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतीय उपखंडातली गिधाडं मरत गेली; पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. हे कारण २००३-०४ च्या सुमारास निश्चित झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. दोखम्यांत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवावी लागली. श्रद्धा शाबूत होती, विधी शाबूत होता, पक्षीच नव्हते. ॲबीचं म्हणणं इथं नेमकं लागतं. देह निसर्गाला परत द्यायचा असं नुसतं म्हणून भागत नाही, घेणारा शिल्लक असावा लागतो, आणि तो शिल्लक राहावा म्हणून कोणाशी तरी भांडावं लागतं. पवित्र शब्द म्हणणारे आपण पुष्कळ आहोत. त्या शब्दांमागचा पक्षी, झाड आणि नदी मोजणारे थोडे.

नदीवरून तो सगळ्यात मोठं भांडण भांडला. १९५९ मध्ये तो एका मित्राबरोबर रबरी होड्यांतून ग्लेन कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी उतरला, तेव्हा खाली धरणाचं बांधकाम सुरूच होतं. १९६३ च्या मार्चमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. ७१० फुटी भिंतीमागं लेक पॉवेल जलाशय पूर्ण भरायला १९८० उजाडलं. त्या दरीचा बळी कसा ठरला हे माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं आहे. सिएरा क्लब या संस्थेनं डेव्हिड ब्रोअरच्या नेतृत्वाखाली एको पार्क इथलं नियोजित धरण थांबवलं, आणि त्या बदल्यात ग्लेन कॅन्यनच्या धरणाला विरोध केला नाही. ती दरी ब्रोअरनं तेव्हा पाहिलीच नव्हती. पुढं जन्मभर तो या तडजोडीबद्दल स्वतःला दोष देत राहिला. ज्यांनी दरी देऊन टाकली ते तिथं गेले नव्हते, आणि ज्यानं ती होडीतून पाहिली त्याला कोणी विचारलं नव्हतं. धरणाच्या बाजूनं बोलणारे विचारतात की फिनिक्स आणि लास व्हेगसला पाणी आणि वीज कुठून येणार होती. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर देताना कोलोरॅडोचं पाणी वाटणाऱ्या १९२२ च्या करारापासून सुरुवात करावी लागते. त्या करारानं वरच्या आणि खालच्या खोऱ्यांना दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी वाटून दिलं, आणि हिशेब धरला तो नेमक्या जास्त पावसाच्या वर्षांचा. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं आणि त्या कागदावर शहरं वाढली. २०२३ च्या सुरुवातीला लेक पॉवेलमध्ये क्षमतेच्या जेमतेम पाव भाग पाणी होतं, आणि बुडालेल्या दरीच्या भिंती पुन्हा उघड्या पडू लागल्या होत्या. वाढीसाठीच वाढ हे कर्करोगाच्या पेशीचं तत्त्वज्ञान आहे, असं ॲबी म्हणत असे. अर्थशास्त्र्यांना ते भडक वाटलं. नदीची पातळी मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांना वाटलं नसावं.

धरणाच्या रागातूनच १९७५ ची ‘द मंकी रेंच गँग’ ही कादंबरी आली. तिच्यातले चौघे बुलडोझरांच्या इंजिनात वाळू टाकतात, जाहिरातींचे फलक जाळतात, धरण उडवण्याची स्वप्नं पाहतात. १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘अर्थ फर्स्ट!’ या चळवळीनं तिच्यातून प्रेरणा घेतली, आणि १९८१ च्या मार्चमध्ये त्या लोकांनी ग्लेन कॅन्यन धरणाच्या भिंतीवर ३०० फुटांची काळ्या प्लास्टिकची पट्टी सोडली. लांबून धरणाला तडा गेल्यासारखं दिसलं. ॲबी तिथं भाषणाला हजर होता. ही हिंसा नव्हे काय, या आक्षेपाला तो तयार होता. अराजकवाद्यांनी हिंसेचं केलेलं समर्थन नैतिक कसोटीवर टिकतं का, या विषयावर त्यानं एमएचा प्रबंध लिहिला होता आणि ते टिकत नाही असा निष्कर्ष काढला होता. जिवंताला इजा ती हिंसा, यंत्राची मोडतोड ती वेगळी, अशी रेघ त्यानं आखली. कादंबरीतली टोळीही यंत्र चालवणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून जपते. पण १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लाकूड गिरणीत ओंडक्यातल्या खिळ्यामुळे करवतीचं पातं फुटलं आणि एक कामगार भयंकर जखमी झाला. खिळा कोणी ठोकला हे सिद्ध झालं नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की यंत्राच्या मागं मजूर असतो आणि कागदावर आखलेली रेघ त्याच्या तोंडापाशी पुसली जाते. ॲबीनं रेंजरचं काम केलं होतं, वणव्यावर नजर ठेवणाऱ्या मनोऱ्यांवर अनेक हंगाम काढले होते, गुराख्यांबरोबर गुरं हाकली होती. लाकूड गिरणीतल्या माणसाच्या जागेवरून मात्र त्यानं जग पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या सिद्धांतातली फट नेमकी तिथंच आहे.

ॲबी ज्या वर्षी गेला त्याच वर्षी, १९८९ मध्ये, रामचंद्र गुहांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकन निर्जन अरण्याची कल्पना भारतासारख्या देशावर लादली की गरिबांची साधनं श्रीमंतांच्या हौसेसाठी जातात, असं त्यांनी व्याघ्रप्रकल्पांचं उदाहरण देऊन मांडलं. हा आक्षेप ॲबीच्या मुळावर येतो, कारण त्याचं वाळवंट रिकामं आहे. खरं तर तेही कधी रिकामं नव्हतं. नव्हाहो, युट, पैयुट आणि त्याआधी दगडात घरं बांधणारे लोक तिथं होते, आणि ॲबी त्यांच्याबद्दल लिहितो तेव्हा सहानुभूतीनं सुरुवात करून त्यांच्या जन्मदराची तक्रार करू लागतो. ताडोबाच्या जंगलातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं हलली तेव्हा ज्यांनी कागद रंगवले त्यांना कोअर क्षेत्र रिकामं व्हायला हवं होतं. वाघाला त्यातून जागा मिळाली हे मी नाकारत नाही, तसं नाकारणं माझ्या आयुष्याच्या कामाशी बेइमानी होईल. पण ॲबी वाचून कोणी असं समजू लागलं की माणूस काढला की जंगल आपोआप पवित्र होतं, तर त्यानं गुहांना वाचावं आणि मग हललेल्या गावांच्या नव्या वस्तीत जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलावं.

सगळ्यात वाईट ॲबी आहे तो मेक्सिकोतून येणाऱ्या लोकांबद्दल लिहिणारा. १९८८ च्या त्याच्या निबंधसंग्रहात स्थलांतरावर एक लेख आहे. सीमा बंद करावी, सैन्य ठेवावं, आणि येणाऱ्यांची संस्कृतीच हीन आहे, असा त्याचा रोख. मरी बुकचिनसारख्या डाव्या विचारवंतांनी त्याला वंशवादी म्हटलं, आणि त्या लेखापुरता मला त्यांचा शब्द वावगा वाटत नाही. त्याचे चाहते म्हणतात की तो सीमेजवळ राहत होता, त्याला अनुभव होता. सीमेजवळ राहणं आणि सीमा ओलांडणाऱ्यांबरोबर चालणं यात फरक आहे. त्या लेखात मक्याच्या शेतातला, हॉटेलच्या मोरीतला एकही माणूस दिसत नाही, फक्त लोंढा दिसतो. साप, गिधाड, जुनिपर यांच्याबद्दल लिहिताना जो माणूस प्रत्येक जीव वेगळा ओळखतो त्याला इथं माणसं वेगळी दिसत नाहीत. लोकसंख्येवर दात खाणाऱ्या या लेखकाला पाच मुलं होती हे त्याचे टीकाकार नेहमी सांगतात. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. त्यानं न पाहिलेल्या गोष्टीवर पाहिल्याच्या अधिकारानं लिहिलं, हा खरा दोष. लेखक वेंडेल बेरीनं त्याची बाजू घेताना म्हटलं होतं की ॲबी पर्यावरणवादी नव्हेच, तो स्वतःच्या बचावासाठी लढणारा आत्मचरित्रकार आहे. तसं मानलं तर स्थलांतराचा लेख आणखीच लंगडा पडतो, कारण त्यात आत्मचरित्रच नाही.

आणि मग एकांताचा प्रश्न उरतो. ‘डेझर्ट सॉलिटेअर’मध्ये एकच हंगाम आहे आणि ट्रेलरमध्ये एकच माणूस. प्रत्यक्षात त्यात एकाहून अधिक हंगामांचा अनुभव एकत्र केलेला आहे, आणि त्या काळात काही दिवस त्याची पत्नी रीटा आणि तान्हा मुलगा तिथं राहिले होते. चरित्रकारांनी हे उघड केल्यावर काहींनी पुस्तकच खोटं ठरवलं. मी तितकं पुढं जात नाही. हंगाम एकत्र करणं हे लेखकाचं नेहमीचं काम आहे, आणि पर्यटन, मृत्यू, नदी यांबद्दलचे त्याचे निष्कर्ष त्यानं पत्नीबरोबर जेवून काढले असते तरी खरेच राहिले असते. पण जंगलातल्या नोकरीचं हे अनुभवकथन आहे असं म्हणायचं, तर त्या नोकरीचा अर्धा भाग त्यातून गायब आहे. जंगलातल्या चौकीवर बदली होते ती एका माणसाची, आणि राहायला जातं ते घर. पाणी लांबून आणणं, पावसाळ्यात महिन्याचा किराणा पुरवणं, रात्री नवरा गस्तीवर असताना लेकरांना घेऊन दार लावून बसणं, शाळेसाठी मुलं कुठं ठेवायची ते ठरवणं, ही कामं वेतनपत्रकात येत नाहीत. आज महाराष्ट्रात तरुण मुली वनरक्षक म्हणून स्वतः गस्त घालतात, वणव्याच्या हंगामात जाळरेषा साफ करून घेतात, पंचनामे लिहितात, आणि घरी जाऊन ती दुसरी पाळीही करतात. पर्यटकाबद्दल, साहेबाबद्दल, गावाबद्दल, वाघाबद्दल, मरणाबद्दल त्यांच्यापाशी जी मतं साठली आहेत ती ॲबीच्या मतांहून सौम्य असतील असं मला अजिबात वाटत नाही. ती छापायला मराठीतल्या संपादकांनी आता मागून घ्यावीत.